शेवटचं कडवं

बोरी अरबात कॅसेट वाजवणारी मशीन आता एखाद्याच घरी चालू सापडेल. कॅसेटी मात्र निघतात. माळ्यावरून निघतात, कोठीमागून निघतात, लग्नात आलेल्या पेटीच्या तळाशी निघतात. मी त्या मागून आणतो, पुसतो आणि कंपनीवार, पाठीवरच्या नंबरानं लावून ठेवतो. मोठ्या कंपन्यांच्या नव्हेत. त्यांची गाणी कोणाच्याही मोबाइलवर आहेत. मला हव्यात त्या छोट्या, एका खोलीत चालणाऱ्या कंपन्यांच्या. दीक्षाभूमीबाहेर, पोहरादेवीच्या यात्रेत, धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाच्या वाटेवर सतरंजीवर मांडून विकल्या जायच्या त्या. भीमगीतं, लेंगी, गोंडी गाणी, आरत्या. गाणाऱ्याची जात-जमात, भाषा, देव सगळं वेगळं, पण मागं वाजतं ते बहुतेक एकच: कॅसिओ आणि ऑक्टोपॅड.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं शहर येतं, अंधारा हॉल येतो. आमच्या दारव्हा तालुक्यात ते तांड्यावर आलं, बौद्धपुऱ्यात आलं आणि तिथंच राहिलं. त्याची यादी कोणी केली नाही. जे जात चाललं आहे, त्यातलं काही इथं लिहून ठेवतो.

पाठीवरचा नंबर. कंपनीचं आद्याक्षर आणि पुढं आकडा. ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसे, तो दुकानदाराच्या मागणीपत्रासाठी होता. आज मला सगळ्यात जास्त तोच सांगतो. २१ आणि २४ हाती असल्या की २२ आणि २३ कुठं तरी होत्या एवढं कळतं, आणि कोणाला काय विचारायचं तेही कळतं. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सनं तर हा नंबर फार जिव्हाळ्यानं वापरला. पहिला क्रमांक एका पोस्टरला, एक्कावन्नावा त्यांच्या हॅसिएंडा क्लबला, आणि कंपनीचा एक संस्थापक टोनी विल्सन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीलाही ५०१ हा क्रमांक. तिथल्या एकेका नंबरावर पुस्तकं निघाली. आमच्या २२ आणि २३ नंबरवर काय होतं, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरीत आहेत.

इनले कार्ड. कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवलेला तो छापील कागद. पोरं आधी त्यालाच हात घालायची, म्हणून तो सगळ्यात आधी हरवला. प्रताधिकार कायद्यात १९८४ साली ५२-अ हे कलम आलं. ध्वनिमुद्रणावर ते काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाकडे आहेत त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं त्यानं बंधनकारक केलं. कायदा आणला होता चोरट्या कॅसेटी रोखायला. पण ज्या कार्डावर ते वर्ष खरोखर छापलेलं आहे, ते कार्ड हाती आलं की माझा दिवस सुफळ होतो. ज्यांवर नाही, त्यांचा काळ आवाजावरून ठरवावा लागतो.

तो असा ठरतो. नुसता बेंजो, ढोलक आणि हार्मोनियम असली तर कॅसेट जुनी. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायच्या ते वाद्य. ते जपानच्या ताइशोगोतोवरून आपल्याकडे आलं आणि कव्वालीच्या सामन्यात असं बसलं की परकं वाटतच नाही. बेंजोच्या जागी कॅसिओची बासरी वाजू लागली की काळ पुढं सरकला. ढोलकाची थाप प्रत्येक वेळी तंतोतंत एकसारखी ऐकू आली की समजायचं, ऑक्टोपॅड आला. रोलंड कंपनीनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला, आठ रबरी चौकोनांचा. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. वायरनं दुसऱ्या यंत्राला जोडायचा, मग ते यंत्र बोलायचं. खेड्यातल्या पार्ट्यांना एवढा सरंजाम परवडण्यासारखा नव्हता. पुढं आवाज पोटातच असलेले पॅड आले, १९९८ चा एसपीडी-२० आला, आणि तो मग लग्न, जयंती, यात्रा सगळीकडे दिसू लागला.

कॅसिओतले तयार ठेके. वॉल्ट्झ, रुंबा, बोसानोव्हा, डिस्को. एक बटण दाबलं की ठेका सुरू, आणि दुसऱ्यांदा दाबेपर्यंत थांबत नाही. यातला कुठलाही ठेका आमच्या गाण्यासाठी केलेला नव्हता. माझ्याकडे एक लेंगीची कॅसेट आहे. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं. माणसं रिंगण धरतात, डफ वाजतो, आणि गाणं जसं रंगेल तशी लय चढत जाते. यंत्राची लय चढत नाही. या कॅसेटीत पहिल्या कडव्याला गाणारे आणि ठेका बरोबर आहेत. दुसऱ्याला गाणारे अर्धं पाऊल पुढं. तिसऱ्याला रिंगण पार निघून गेलंय आणि ठेका मागं एकटाच चालतोय. मग कोणीतरी बटण दाबून तो बंद करतो, दोन क्षण नुसते कंठ ऐकू येतात, आणि पॅडवर हातानं वाजवणं सुरू होतं: तेच गाणं, माणसाच्या लयीत. कंपनीनं ही चूक पुन्हा रेकॉर्ड करून काढली नाही, बहुधा स्टुडिओचे तास संपत आले असतील. माझ्या लेखी त्या अख्ख्या मालिकेतलं हे सगळ्यात मोलाचं गाणं आहे. यंत्राला आपल्या चालीनं चालायला लावलं, ते इथं कानाला कळतं.

वाजवणाऱ्यांची नावं. गायकाचं नाव कार्डावर मोठ्या टायपात, गीतकाराचं बारीक, निर्मात्याचा तर फोटोच. कॅसिओ आणि पॅड कोणी वाजवला ते बहुतेक कार्डांवर नाहीच. ही नावं फक्त माणसांच्या तोंडी आहेत.

तुटलेली खुंटी. कंपनीची कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या मागच्या कडेच्या दोन खुंट्या कारखान्यातच तोडलेल्या असत. लोक त्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावत आणि तिच्यावर हवं ते भरत. त्यामुळं एखाद्या भीमगीताच्या मधोमध पाळण्याचं गाणं सुरू होतं, कुठं हरिपाठ, कुठं रेडिओवरची कापसाच्या भावाची बातमी. हे पुसणं मला चुकीचं वाटत नाही. कोरी कॅसेट महाग होती, आणि घरचा आवाजही घरच्यांना तेवढाच मोलाचा. पण खाली गाडलेलं गाणं आता कुठल्याच उपायानं परत येत नाही.

पट्टी. रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटीत जवळपास नव्वद मीटर. आमच्या उन्हाळ्यात डबी वाकते, पावसाळ्यात पट्टीवर पांढरी बुरशी चढते, आणि पट्टी हेडवर दाबून धरणारा फेल्टचा एवढासा तुकडा गोंद सुकून गळून पडतो. तो पुन्हा चिकटवता येतो. बुरशी आलेली पट्टी तशीच वाजवली तर ती मशीनही खराब करते आणि पुढची कॅसेटही.

कॅसेट भरून देणारा. कागदावर गाण्यांची यादी न्यायची, तो ‘अ’ आणि ‘ब’ बाजूचा हिशेब मांडून गाणी बसवून द्यायचा. बाजूला तीन मिनिटं उरली तर कुठलं गाणं तिथं बसतं, हे त्याच्या डोक्यात तयार असे. कायद्यानं ती चोरी होती. छोट्या कंपन्यांचं नुकसान अशा चोरीनं झालं, आणि त्यांची काही गाणी आज उरली आहेत तीही अशा चोरीच्या कॅसेटींतच. मला दोन्ही लिहून ठेवावं लागतं.

त्याच्यानंतर एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एका सीडीत दीडशे गाणी. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तोही धंदा बसला. या प्रत्येक पायरीवर गाणं स्वस्त झालं आणि त्याच्याबरोबरचं काही तरी गळालं. आधी कार्ड, मग कंपनीचा नंबर, मग गीतकाराचं नाव, शेवटी गायकाचंही. फाइलीवर उरलं ‘ट्रॅक ०७’.

शेवटचं कडवं. यादीतली ही नोंद मला सगळ्यात जड जाते. आपल्या कवनाच्या अखेरीस कवी आपलं नाव गुंफतो, ही रीत संतांपासूनची. भीमगीतांनी ती जिवंत ठेवली. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ‘वामन’ हे नाव शेवटच्या ओळींत ठेवून जात, आणि त्यांच्यामागून लिहिणाऱ्या गावोगावच्या कवींनीही तेच केलं. कार्ड हरवलं, लेबल निघालं, तरी गाणं स्वतःच आपल्या कर्त्याचं नाव सांगायचं. गरिबाच्या गाण्याची ती पक्की नोंदणी होती. आता १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतं ते फक्त धृपद, फार तर पहिलं कडवं, मग दणका, मग पुन्हा धृपद. पोट्टे नाचतात ते पाहून मला आनंदच होतो. गाणं जिवंत आहे म्हणून तर नाचतात. पण शेवटच्या कडव्याबरोबर कवी गेला. ज्या गाण्याची कॅसेट मिळत नाही, त्याचा कर्ता कोण हे सांगणारं मग काहीच उरत नाही.

वाचवता येतं, हे दिसलेलं आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलंडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, ती फारशी चालली नाही. पुढं एका डच संग्राहकाच्या ती हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या ‘ॲसिड’ संगीताच्याही पाच वर्षं आधीचं काम म्हणून जगानं ती ऐकली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला गेला. तिथं १९७२ पर्यंत भरलेल्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, त्यांतलं निवडक २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका ठिकाणी मोठ्या कंपनीची छापील तबकडी होती, दुसरीकडे संस्थेचं कपाट होतं. सतरंजीवरच्या कॅसेटीला यातलं काहीच नव्हतं.

कायदाही तिच्या मदतीला येत नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते, दोन वर्षांनी त्यात वर्तमानपत्रंही आली. ध्वनिमुद्रणं त्यात नाहीत. उलट हक्क मात्र साठ वर्षं चालतात: १९८८ ची कॅसेट २०४८ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीची. तो मालक कुठं आहे, कंपनीचा फलक उतरल्यावर हक्क कोणाकडे गेले, हे कार्डावरच्या पत्त्यावर जाऊनही कळत नाही. त्यामुळं मी ही गाणी कुठं चढवत नाही, फक्त उतरवून ठेवतो.

परदेशात हे काम साध्या माणसांनी केलं. अमेरिकेत केव्हिन लेवांडोव्स्की या तरुणानं २००० साली ‘डिस्कॉग्ज’ सुरू केलं, तेव्हा त्यात नुसत्या इलेक्ट्रॉनिक तबकड्यांचीच नोंद होती. लोकांनी आपापल्या घरच्या तबकड्या पाहून ती वाढवत नेली. कंपनी, नंबर, वर्ष, बाजू, कोणी वाजवलं. त्याला विद्यापीठ लागत नाही.

माझ्या रजिस्टरात तेच रकाने आहेत, आणि एक जादा: शेवटच्या कडव्यातलं नाव. कॅसेट वाजत नसली तरी कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवतो. नंबर पुसट असेल तर उन्हात तिरपा धरून वाचतो. लेंगीच्या त्या कॅसेटीवर पॅड वाजवणारा दारव्ह्याकडचा होता, एवढं एका म्हाताऱ्यानं सांगितलंय. पुढच्या आठवड्यात तिकडं जाऊन विचारणार आहे, तिसऱ्या कडव्याला ते बटण दाबलं कोणी.