जुने वाहन घेताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. एकत्र कुटुंबासाठी वापरलेले वाहन विकत घेणे ही तिसरी गोष्ट या दोहोंच्या पंक्तीस बसवावयास हरकत नाही, असे आमचे मत झाले आहे. पस्तीस वर्षे आम्ही शाळेत संस्कृत शिकविले. यंत्राशी आमचा संबंध सायकलीपलीकडे फारसा आला नाही. तथापि गेल्या वर्षी चार महिने या कामी जो व्यासंग घडला, तो आमच्यासारख्या इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहो.

प्रथम शब्दाचा विचार करू; ती आमची जुनी खोड आहे. 'वाहन' हा शब्द वह् धातूपासून झाला, आणि इंग्रजीतील 'व्हेइकल' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये शोधीत गेले तर तेही याच कुळातले निघते. 'व्हॅन' मात्र निराळी. तो 'कॅरॅव्हॅन' या शब्दाचा तोडलेला तुकडा. आणि त्याचे मूळ फारसी 'कारवान', म्हणजे सोबतीने चाललेला प्रवाशांचा तांडा. पंढरपुरात राहणाऱ्यास या अर्थाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आषाढात दिंड्यांच्या मागोमाग येणारे ट्रक, टेम्पो, जीपा आणि व्हॅनी नदीपलीकडच्या पासष्ट एकरांत उभ्या असतात. त्यांत नव्या गाड्या थोड्या, जुन्याच फार. आकुर्डीच्या कारखान्यातून एके काळी निघणाऱ्या मॅटाडोर आता दिसेनाशा झाल्या. पण १९८४ साली सुरू झालेल्या आणि २०१९ साली बंद पडलेल्या मारुतीच्या छोट्या व्हॅनी, ज्यांस पुढे ओम्नी हे नाव मिळाले, त्या अजूनही भजनी मंडळींचे सामान वाहताना आढळतात. जुने वाहन म्हणजे टाकाऊ वाहन नव्हे, ही गोष्ट आमच्या मनाने तेथेच घेतली.

आमचे कुटुंब नऊ माणसांचे. मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या; आम्ही व सौभाग्यवती; धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब; चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. मातोश्रींचे डोळे दाखविण्यासाठी महिन्या-दीड महिन्याने सुमारे ७२ किलोमीटरांवरील सोलापुरास जावे लागते. त्याखेरीज वर्षातून दोन-तीन वेळा अक्कलकोट, तुळजापूर किंवा मुलांच्या हौसेखातर कोकणाची फेरी. आजवर भाड्याची गाडी आणीत असू. तीत जागा अपुरी पडली म्हणजे 'मी राहते घरी, देवपूजा आहे, दूधवाला येईल' असे म्हणणारी व्यक्ती प्रत्येक वेळी एकच असे. ती म्हणजे आमची भावजय. हा मुद्दा पुढे येणार आहे.

वाहनाचा विचार निघताच चिरंजीवांनी मोबाईलवर चित्रे दाखविण्यास आरंभ केला. आम्ही टेप घेऊन गल्लीत गेलो. जुन्या पंढरपुरातील बोळ ज्यांनी पाहिले आहेत ते आम्हांस हसणार नाहीत. आमच्या वाड्याकडे वळताना रस्ता एके ठिकाणी सव्वासात फूट उरतो. मारुतीची ईको ही पावणेपाच फुटांहून थोडी अधिक रुंद. टोयोटाची पहिली इनोव्हा, जी २००५ पासून २०१६ पर्यंत मिळत असे, ती पावणेसहा फुटांच्या पलीकडची, आणि आरसे वेगळेच. म्हणजे एक सहज जाते, दुसरी आरसे मिटून जाते. नंतरची क्रिस्टा त्याहून रुंद, म्हणून तिचा विचार तेथेच संपला. चित्रांपेक्षा ही टेप अधिक कामास आली.

बोलेरोच्या मागच्या बाकांवर आडवे बसावे लागते. म्हाताऱ्या माणसास आणि मुलांस ते बरे नव्हे. उरल्या दोन. ईको २०१० साली निघाली. दार सरकते असल्याने अरुंद जागी उघडते, पायरी ठेंगणी, दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी होते आणि किंमतही आवाक्यातील. उणे दोन. सात आसनांच्या प्रकारात कंपनीकडून वातानुकूलन मिळत नसे, आणि आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा चाळिशीच्या वरचा. दुसरे उणे अधिक गंभीर. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने टक्कर देऊन घेतलेल्या परीक्षेत ईकोस एकही तारा मिळाला नाही. त्या खेपेस स्कॉर्पिओसह आणखी काही गाड्यांचीही तीच गत झाली, आणि तपासलेल्या ईकोत एअरबॅगा नव्हत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पुढे १ जुलै २०१९ पासून चालकापुढील आणि १ जानेवारी २०२२ पासून शेजारच्या आसनापुढीलही एअरबॅग सक्तीची झाली. वापरलेले वाहन घेणाराने निर्मितीचे वर्ष पाहावे ते केवळ किमतीसाठी नव्हे, या तारखांसाठीही.

आता परीक्षेकडे वळू. आमचा एक जुना विद्यार्थी मोठ्या रस्त्यावर गॅरेज चालवितो. शाळेत त्यास 'राम' शब्दही धड चालविता आला नाही. पण इंजिनाचा आवाज ऐकून तो जे निदान करतो ते ऐकून आम्ही थक्क झालो. तो प्रथमच म्हणाला, "गुर्जी, गाडी बघू नका. गाडी कुणी वापरली त्ये बघा." आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर हा शब्दप्रमाणाचा प्रश्न झाला. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. पण शब्द हा प्रमाण होण्यासाठी बोलणारा आप्त, म्हणजे यथार्थ सांगणारा असावा लागतो. विकणारा हा आप्त नव्हे. निदान विकीपर्यंत तरी नव्हे.

शेजारच्या शहरातील एका विक्रेत्याकडे आम्ही सात आसनांची एक व्हॅन पाहिली. रंग चकचकीत, आत अत्तराचा वास, मीटरवर ३८ हजार किलोमीटर, सांगितलेली किंमत पावणेचार लाख. बंधूंना ती फार आवडली. शिष्याने वाकून चाकांवरील आकडे वाचले. टायरवर शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१९ ची आणि चारही टायर अलीकडचे! ३८ हजारांत चारही टायर झिजून बदलावे लागणे चमत्कारिकच. मग त्याने ब्रेकच्या व क्लचच्या पायतळाचे रबर दाखविले. त्यावरच्या रेघा पुसून ते गुळगुळीत झाले होते. मागचे बाक मध्यभागी खचलेले, सरकते दार खालच्या पट्टीत अडखळणारे. "वडापला पळलीया ही, गुर्जी," तो आमच्या कानाशी म्हणाला. पाटी पांढरी असली तरी गाडीने भाड्याचे उतारू वाहिले होते, आणि मीटरचा काटा कोणी तरी मागे आणला होता. मीटर हे विक्रेत्याचे वाक्य. झिजलेले रबर हे अनुमानाचे लिंग. दोहोंत विरोध आला तर कोणाचे ऐकावे, हे सांगण्यास पंडित लागत नाही.

धुरावरून अग्नीचे अनुमान हे तर्कशास्त्राचे पहिले उदाहरण. मोटारीच्या बाबतीत धुराचा रंगही पाहावा लागतो. निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरते आहे असा संशय घ्यावा. थंडीच्या सकाळी आरंभी येणारी वाफ मात्र निरुपद्रवी. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. हे सर्व दिसावे म्हणून गाडी पाहण्यास भल्या सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करू नये असे बजावून ठेवावे. आपण पोहोचलो तेव्हा इंजिन गरम लागले तर चहा घेऊन परत यावे व दुसऱ्या दिवशी न कळविता जावे. तेलाच्या टोपणाच्या आतल्या बाजूस ताकासारखा पांढरट थर असल्यास तेलात पाणी मिसळते आहे.

पाण्यावरून आठवले. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२० च्या ऑक्टोबरात आमच्याच गावात पुराचे पाणी शिरले होते. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण तिच्या तारांत ओल राहते आणि दोन वर्षांनी एकेक यंत्र मुके होते. याची एक सोपी परीक्षा आहे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो तो कोणी धूत नाही. त्यावर गाळाची रेघ असली तर पुढे बोलणेच नको. गालिच्याखालीही हात फिरवावा. अत्तराचा वास जितका अधिक तितके अधिक हुंगावे.

कागदपत्रांविषयी लोक फार आळशी असतात. नोंदणीपत्रावर मालक कितवा आणि कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहावे. बोजा असल्यास तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना बँकेकडून घ्यावा. हस्तांतराचे नमुने २९ व ३० यांवर विकणाराची सही समक्ष घ्यावी आणि दंडाची चलने थकली आहेत काय तेही पाहावे. विमा आपल्या नावे करण्यासाठी कायद्याने १४ दिवसांत कंपनीस कळवावे लागते; जुन्या मालकास दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट त्याची त्याच्याकडे जाते, गाडीबरोबर येत नाही. ज्यांनी आपली गाडी विकली व नाव बदलले की नाही ते पाहिले नाही, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय लक्षात ठेवावा: अपघात झाला तर नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच भरपाईस जबाबदार. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि पर्यावरण कर पडतो. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नये.

अखेरीस तालुक्याच्या एका डॉक्टरांची २०१५ ची इनोव्हा पाहण्यात आली. एकच मालक, आठ आसने, पुढे दोन एअरबॅगा, मीटरवर १ लाख ४२ हजार. आकडा ऐकून बंधू नाराज झाले. परंतु डॉक्टरांनी दुरुस्तीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून सनावळीने लावून ठेवल्या होत्या. प्रत्येक पावतीवर किलोमीटरचा आकडा, आणि तो क्रमाने चढत गेलेला. जुन्या पोथीची प्रत शुद्ध आहे हे जसे तिच्या पाठपरंपरेवरून कळते, तसेच हे. आमच्या मते मीटरवरील खरे दीड लाख हे खोट्या अडतीस हजारांपेक्षा थोडे होत. किंमत मात्र सव्वासात लाख.

येथे घरात खरा वाद झाला. ईकोसारखी गाडी घेतली तर बंधूंच्या निवृत्तीच्या पैशास हात लागत नव्हता. मुलांना मांडीवर घेऊन सातांत नऊ सहज मावतील, असे ते म्हणाले. पूर्वी आपण सारे असेच गेलो, हेही खरे. आम्ही त्यास साफ नकार दिला. मांडीवरचे मूल धक्क्याच्या वेळी कोणाच्याही हातात राहत नाही; आसनाचा पट्टा एकाचा असतो, दोघांचा नव्हे. तेव्हा भावजय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, आठ जागा आहेत आणि माणसं नऊ. मागे राहायचं कोणी, तेही आजच ठरवा." तिच्या आवाजात राग नव्हता. बंधू काही वेळ खाली पाहत राहिले आणि मग म्हणाले, "माझा वाटा धरा."

गाडी आली. मातोश्रींस तिची पायरी उंच पडते, म्हणून सुताराकडून सहा इंची लाकडी पाट करून घेतला. तो मागे आडवा बसतो. आरसे मिटून गल्लीतून काढण्याचे काम सूनबाई चिरंजीवांपेक्षा अधिक सफाईने करते. देवपूजेस शेजारचा मुलगा येतो आणि दूधवाल्यास निरोप ठेवतो. नववे माणूस आम्ही व बंधू आलटून-पालटून होतो. आम्हांस पासष्ट पुरी झाल्यामुळे एस.टी.त अर्धे तिकीट पडते. बंधूंना अजून तीन वर्षे पूर्ण द्यावे लागेल. परवा अक्कलकोटास आमची पाळी होती. मंडळी आमच्या आधी पाऊण तास पोहोचली होती, आणि भावजयीने आमच्यासाठी पानावर झाकण घालून ठेवले होते.