‘निस्तार’बद्दलचं माझं मत

युद्धनौकेची किंमत तिनं काय बुडवलं यावर ठरते, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत मी मुलांना १९७१ च्या गोष्टी सांगतो. त्यात कराचीवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ असायच्या, ‘विक्रांत’ असायची. ‘निस्तार’ मात्र एका वाक्यात आटपायची: विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाणबुडी पाकिस्तानची ‘गाझी’च आहे, याची खात्री तिच्या पाणबुड्यांनी खाली उतरून केली. वर मी हटकून शेरा मारायचो, की पाणबुडीतली माणसं वाचवायला आणलेली ही नौका, पण तशी वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. मुलं हसायची. मला ते हसू हवं असायचं.

ती मुळात माइनस्वीपर, हेही मला कमीपणाचं वाटे. सोव्हिएत नौदलाच्या टी-५८ जातीच्या, पाणसुरुंग काढणाऱ्या जहाजाचा सांगाडा, त्यावर बचावाची सामग्री चढवलेली. आपण ती १९६९ मध्ये घेतली, १९७१ मध्ये ती नौदलात दाखल झाली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. जुन्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसा हा प्रकार, असं मी म्हणायचो. पाणसुरुंग काढणं हेसुद्धा दुसऱ्यांची वाट सुरक्षित करण्याचंच काम, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत. त्यांचे यजमान सत्तरच्या दशकात विशाखापट्टणमला पाणबुडीवर होते. अशाच एका ४ डिसेंबरला मुलं पांगल्यावर त्या खुर्चीवर बसून राहिल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “हे गेले की कुठे गेले, कधी येणार, काही विचारायची सोय नसायची. मी शेजारच्यांना एवढंच विचारायचे, निस्तार धक्क्याला आहे ना? आहे म्हटलं की जेवण जायचं.” मग उठता उठता म्हणाल्या, “त्या गाझीतल्यांच्या बायकाही असतीलच ना हो कुठेतरी.”

मला उत्तर सुचलं नाही. ‘गाझी’ची गोष्ट मी किती वेळा सांगितली होती, पण ती सांगताना आतली माणसं माझ्या डोळ्यांसमोर कधीच आली नव्हती. ३ डिसेंबरच्या रात्री ती बुडाली, एकही जण वाचला नाही. ‘निस्तार’चे पाणबुडे त्या अंधारात उतरले तेव्हा काढण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. वाचवण्यासाठी शिकलेली माणसं शत्रूच्या मेलेल्या बोटीच्या पत्र्यावर हात फिरवत होती आणि मी त्यात फक्त पुरावा पाहत होतो. एवढा कोरडा मी कधी झालो?

त्यानंतर ‘कुर्स्क’ या बुडालेल्या रशियन पाणबुडीबद्दल पुन्हा वाचलं. ऑगस्ट २०००, ११८ माणसं. स्फोटांतून वाचलेले तेवीस जण मागच्या कप्प्यात जमले, एका अधिकाऱ्यानं अंधारात त्यांची नावं लिहून ठेवली. रशियाचं बचावजहाजही मूळचं लाकूड वाहणारं. झाकण अखेर नॉर्वेच्या पाणबुड्यांनी उघडलं, नवव्या दिवशी. पूर्वी मी हे रशियाचा गलथानपणा म्हणून वाचलं होतं. या वेळी मनात आलं, तेव्हा आपल्याकडे काय होतं? ‘निस्तार’ जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या जागी माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘निरीक्षक’ होती, पण खोल पाण्यातल्या सुटकेसाठी भिस्त अमेरिकी नौदलाशी केलेल्या करारावर. साडेसहाशे मीटरवरून एका खेपेला चौदा जणांना काढणारं स्वतःचं वाहन आपल्याला २०१८ मध्ये मिळालं, तेही इथेच, मुंबईत. ते घेऊन जाणारी नवी ‘निस्तार’ १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला दाखल झाली. आणि त्या सगळ्या काळात आपल्या पाणबुड्या समुद्रात जातच होत्या. आमच्या भागातले कितीतरी जण कुर्ल्याला हार्बर पकडून डॉकयार्ड रोडला उतरतात, माझगावात त्या पाणबुड्या बांधतात. त्यांतून खाली जाणाऱ्यांची मी कधी काळजी केली नाही.

आता मुलांना मी पाणबुडीतल्यांना वर आणणाऱ्या बचावकक्षाचं चित्र काढून दाखवतो. पाणबुडीच्या झाकणाभोवती सपाट कडं असतं. कक्ष त्यावर टेकतो, मधलं पाणी उपसलं की बाहेरच्या समुद्राचाच दाब त्याला घट्ट धरून ठेवतो, मग झाकण उघडता येतं. एका मुलीनं विचारलं, “आतून ठोकलं तर वर ऐकू येतं?” येतं, म्हटलं. लोखंडावर ठोकूनच खूण करतात, म्हणून वर कुणीतरी कान लावून असावं लागतं.

पुढच्या डिसेंबरला काकूंनी बोलावं असं मी सुचवलंय. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारणार आहे.