संगणक म्हणतो म्हणून खरे?

कारकुनाच्या टेबलावर पूर्वी जाड खतावणी असे. चूक झाली तर लाल शाईने काट मारून बाजूला सही करावी लागे. ती काट वर्षानुवर्षे दिसत राही. कोणी मारली, कधी मारली, हे मागून येणाऱ्यालाही वाचता येई. आज खतावणीच्या जागी पडदा आला आहे. पडद्यावरचा आकडा नीटनेटका, छापील दिसतो. आणि छापील दिसते ते खरे, हे आपल्या माणसांच्या मनात पक्के बसलेले असते. या समजुतीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम. संगणकाची भाषा आम्हांस येत नाही, पण जमा आणि नावे यांतला फरक कळतो. कचेरीतील कामगारांच्या पतसंस्थेचे हिशेब आम्ही पाहतो. सभासद म्हणजे सफाई कामगार, शिपाई, ड्रायव्हर, पहारेकरी. संस्थेने बाहेरच्या एका कंपनीकडून इंटरनेटवर चालणारे सॉफ्टवेअर घेतले, तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. घरबसल्या खाते दिसणार, पासबुकासाठी रांग नको.

काही महिन्यांनी एक सफाई कामगार मावशी पगाराची चिठ्ठी घेऊन आल्या. कर्जाचा हप्ता दोन हजारांऐवजी चार हजार कापला होता. म्हणाल्या, "दादा, कर्ज मी एकदाच काढलं. मग हप्ता दोनदा कसा? घरभाडं कुठून देऊ?" पडद्यावर पाहिले तर चाळीस हजारांचे कर्ज ऐंशी हजार झालेले. कंपनीला फोन केला. उत्तर तयारच होते : "सिस्टिम बरोबर आहे. तुमच्या माणसाने दोनदा कर्ज वाटले असेल, नाहीतर बाईंनी दोनदा घेतले असेल."

बंधू-भगिनींनो, या वाक्यात किती विष आहे ते पाहा. यंत्राचा दोष एका क्षणात गरिबाच्या चारित्र्यावर ढकलला गेला!

आम्ही कागद काढले. दोन्ही नोंदींवर धनादेशाचा क्रमांक एकच होता आणि दोहोंच्या वेळेत अंतर अवघे तीन सेकंदांचे. बँकेच्या पासबुकात चाळीस हजार एकदाच गेलेले. एकाच धनादेशावर पैसे दोनदा निघतील कसे? घडले ते असे. इंटरनेट मंद होते, पडदा गोठला, म्हणून सहकाऱ्याने 'जमा करा' हे बटण पुन्हा दाबले. असे कोणीही दाबील. ज्याने सॉफ्टवेअर लिहिले त्याने हे आधीच ओळखावयास हवे. प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक द्यावयाचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर यंत्राने तो नाकारावयाचा, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण ती केलेली नव्हती.

मग आम्ही एकेक गोष्ट तपासू लागलो. आपले खाते उघडल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत सभासद क्रमांक दिसे. तिथे २१४ ऐवजी २१५ टाईप केले की शेजाऱ्याचे खाते उघडे! त्याचे कर्ज, त्याचा जामीनदार, त्याचा फोन, सगळे समोर. कुलूप फक्त दारावर, आतल्या खोल्या मोकळ्या. वेब सॉफ्टवेअरमधील धोक्यांची यादी करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत याच जातीचा दोष पहिल्या क्रमांकावर आहे.

पासवर्ड विसरल्याचे कळवले की जुनाच पासवर्ड एसएमएसने येई. सभासदांना ही सोय वाटे. पण त्याचा अर्थ असा की, कंपनीने तो जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून त्याचा फक्त ठसा साठवतात. ठशावरून मूळ शब्द परत काढता येत नाही, म्हणून तिथे नवा पासवर्डच करावा लागतो.

व्याजात पैशांचा फरक पडे. संगणक आकडे दोनच अंकांत, म्हणजे शून्य आणि एक यांत मांडतो. त्या पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक पूर्ण लिहिता येत नाही. जसे आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना तीनवर तीन लिहीतच राहावे लागते. म्हणून जाणते लोक रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात. इथे तसे केले नव्हते, आणि ताळेबंद जुळेना.

आणि मराठीत भरलेली सभासदांची नावे पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून स्थान आहे. पण कंपनीने नावांचा रकाना केवळ इंग्रजी अक्षरांसाठी बांधला होता. आयुष्यभर राबलेल्या माणसाचे नाव त्याच्याच संस्थेच्या वहीत चार प्रश्नचिन्हे व्हावे, हे आम्हांस फार लागले.

काही मंडळी म्हणाली, "एवढे काय त्यात? चालायचेच." त्यांना आम्ही इंग्लंडचे उदाहरण सांगितले. तेथील पोस्ट खात्यात १९९९ पासून फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही संगणक प्रणाली आली. तिच्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली, आणि ९०० हून अधिक पोस्टमास्तर चोर, अफरातफर करणारे ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेल्या. २०१५ साली स्कॉटलंडमधील डॅल्मेलिंग्टन येथे गोठलेल्या पडद्यावर बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले आणि २४ हजार पौंडांची तूट दिसली. आमच्या मावशींचे प्रकरण याहून वेगळे ते काय? तेथील न्यायालये यंत्र नीट चालते असे गृहीत धरत. नीट चालत नाही हे दाखवण्याचा भार गरीब पोस्टमास्तरावर. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. सीमा मिश्रा यांची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. उरलेल्या शेकडो लोकांच्या शिक्षा पुसण्यासाठी २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. तोवर कित्येकांची घरे गेली होती, काही जण हे जगही सोडून गेले होते.

आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकातील नोंद पुरावा म्हणून देताना यंत्र त्या काळात नीट चालत होते, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. हा विचार योग्य आहे. जो यंत्राचा आकडा पुढे करतो, त्यानेच यंत्राची हमी द्यावी.

आम्ही भांडलो नाही, लिहिले. एक वही घातली. तारीख, वेळ, कोणते बटण दाबले, काय दिसले, सोबत पडद्याचा फोटो. फोन बंद, सर्व पत्रव्यवहार जावक क्रमांकानिशी. संचालक मंडळापुढे वही ठेवली आणि ठराव झाला : दोष दुरुस्त होईपर्यंत वार्षिक देखभालीचे बिल थांबवावे; सर्व माहितीची प्रत दरमहा संस्थेच्या ताब्यात यावी; नवा बदल आधी नमुना खात्यांवर तपासावा; आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासणी व्हावी. संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातही, काम कंत्राटदाराला दिले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच ठेवली आहे. त्यामुळे 'कंपनी जाणे' असे म्हणून आमच्या संस्थेलाही सुटता येणार नव्हते.

बिल थांबताच कंपनीचा सूर बदलला. दुबार नोंद रद्द झाली, मावशींचे जादा कापलेले पैसे परत मिळाले. दुसऱ्याचे खाते उघडणे बंद झाले, नावेही मराठीत दिसू लागली. पैशांचा फरक अजून पूर्ण मिटलेला नाही. त्यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे.

वाचकांना एवढेच सांगणे की, पावती फेकू नका. बँक असो, पतसंस्था असो, रेशन दुकान असो, पडद्यावरचा आकडा आपल्या कागदाशी ताडून पाहा. फरक दिसला तर तोंडी न बोलता अर्ज लिहा, आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. घरातील मुलगा-मुलगी संगणक शिकत असेल तर त्यांना हेही सांगा : तुम्ही लिहिलेल्या एका ओळीवर कुणाचा तरी पगार, कुणाची तरी अब्रू अवलंबून असेल. ती ओळ नीट लिहा.