बागेतली तोटी

पाण्याची वाट पाहणे ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडले आहे अशा जालना शहरात, भर वैशाखात, खेळून दमलेले एखादे मूल सार्वजनिक बागेतील तोटीखाली ओंजळ धरते, तेव्हा त्याला मनाई करण्यास कोणाची जीभ रेटत नाही. पाणपोई घालणे हे पुण्यकृत्य मानणारा हा मुलूख. मोती तलाव बांधणाऱ्या जमशेदखानाने जमिनीखालून नळ नेऊन कसब्यातील हौद भरण्याची तजवीज केली होती. पुढे निजामाच्या अमदानीत घाणेवाडीचा तलाव झाला. आणि २०१२-१३च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास पैठणच्या जायकवाडी धरणातून गोदावरीचे पाणी शहरात आले. एवढ्या सायासाने आणलेले पाणी शेवटच्या दहा हातांत नासावे, याचे मला मनस्वी दुःख होते.

नासते ते नळ वाहत असताना नव्हे. नळ बंद असताना. पाणी भरलेल्या, दाब असलेल्या जलवाहिनीत बाहेरची घाण सहसा शिरू शकत नाही, कारण फट असली तरी पाणी तिच्यातून बाहेरच येते. परंतु जिथे पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटते, तिथे मधल्या काळात रिकामी पडलेली नळी शेजारच्या गटाराचा पाझर मुकाट्याने आत ओढून घेते. बागेत या घाणीला आणखी एक वाट असते. माळीबुवा तोटीला रबरी नळी लावतात, तिचे तोंड मोसंबीच्या किंवा गुलाबाच्या आळ्यात सोडतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. आळ्यात शेणखत कालवलेले गढूळ पाणी साचते, नळीचे तोंड त्यात बुडते, आणि तेवढ्यात मुख्य वाहिनीतला दाब ओसरला, की तेच पाणी उलट्या पावली नळीतून तोटीत आणि तोटीतून वाहिनीत परतते. माळ्याला याचा दोष देणे अन्यायाचे होईल. नळीचे तोंड पाण्याच्या वर चार बोटे अधांतरी ठेवावे, किंवा तोटीवर उलटा प्रवाह अडविणारी झडप बसवावी, हे त्याला कधी कोणी सांगितलेलेच नसते.

उन्हात पडलेल्या नळीतले कोमट पाणी तर कोणीच पिऊ नये. त्या उबेत जंतू वाढतात. तोटी उघडल्यावर येणारी पहिली बादली झाडाला घालावी, म्हणजे एक थेंबही वाया जात नाही. पुष्कळ बागांना कूपनलिकेचे पाणी असते. तिथे नायट्रेट किंवा फ्लोराइड अधिक असले तर ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. अशा तोटीवर ‘पिण्यासाठी नाही’ ही पाटी ठळक अक्षरांत हवी, आणि शेजारीच पिण्याच्या पाण्याचा निराळा नळ हवा. नुसत्या पाटीने तहान भागत नाही.

जंतू मारण्यासाठी नळाच्या पाण्यात घातलेल्या क्लोरीनची परीक्षा सोपी आहे: नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळसर होते, आणि नळाच्या टोकाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, असा दंडक आहे. माझी पाणीपुरवठा खात्याकडे एवढीच मागणी आहे, की हा नमुना जलकुंभाच्या पायथ्याशी घेऊन दप्तरी नोंद करण्यावर समाधान न मानता तो बागेतल्या त्या शेवटच्या तोटीवरही घ्यावा, आणि त्याचा निकाल तारखेसह तिथेच, मुलांच्या आईबापांना वाचता येईल असा, लावावा.