खाच असलेला कान

कुत्र्याचं चित्र काढायचं तर मी जमिनीवर बसतो. उभ्याने, जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठं येतं, पाय आखूड दिसतात आणि जनावर केविलवाणं वाटतं. अशा फोटोतल्या कुत्र्याची कीव येते, पण त्याला घरी न्यावंसं वाटत नाही.

दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, चार वेदांची प्रतीकं. लहानपणी पाहिलेल्या तसबिरींत ती सगळी सारखीच होती. मला मात्र समोरच्या त्या एका कुत्र्याचा चेहरा हवा असतो.

काळा कुत्रा सर्वांत अवघड. ट्यूबमधला काळा लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून मी अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर मिसळतो. पाठीवर आकाशाचा उजेड पडतो तिथे निळा वरचढ, पोटाखाली तपकिरी. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. त्यामुळे डोळ्यातला पांढरा ठिपका आधी राखायचा, मग बाकीचं. काळ्या कुत्र्यांना घर मिळायला वेळ लागतो, असं कुत्र्यांच्या शेल्टरमधली मंडळी सांगतात. फोटोत त्यांचा चेहराच उमटत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

चित्र बघून कुणीतरी हमखास सुचवतं, ‘कान तेवढा नीट करा की!’ मी करत नाही. भटक्या कुत्र्याच्या कानाची ती खाच नसबंदीची खूण असते. भूल, शस्त्रक्रिया, रेबीजची लस, सगळं त्यात आलं. भटकी कुत्री मारण्यावरून 1832 साली मुंबईत दंगल झाली होती. मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग केंद्राच्या नियमांनी 2001 मध्ये घालून दिला, 2023 च्या नियमांनीही तोच ठेवला. इतकं सोसून, इतक्या हातांतून जगलेल्या जनावराचा कान मी का बुजवू?

इथे मुंबईत, कांजूरमार्गला जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात. माणसं भाड्याच्या घरात जातात, कुत्रं गेटपाशी राहतं. गळ्यात पट्टा असलेली ही कुत्री रंगवताना माझा हात जड होतो, कारण ती प्रत्येक पावलाच्या आवाजाला कान टवकारतात.

घर बदलणार असाल तर करार करण्याआधीच कुत्र्याचं विचारून घ्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि दत्तक घ्यायला गेलात, तर पिल्लांआधी एखादा वयस्क, काळा, कानाला खाच असलेला दाखवायला सांगा.