दिव्यांचीं अक्षरें

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर ह्या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धांवली, हें आमच्या जिल्ह्यांतील लोक आजही अभिमानानें सांगतात. त्या काळीं गांवांच्या पाट्या रंगाऱ्याच्या कुंचल्यांतून उतरत. अक्षरांना वळण असे, बाक असे. १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. आतां पुष्कळ गाड्यांच्या कपाळीं दिव्यांच्या ठिपक्यांनीं नांव उमटतें. त्यांत गोलाई म्हणून नाहीं. सारा पायऱ्यांचा कारभार!

सुंदर हस्ताक्षराचे अभिमानी ह्या ठोकळेबाज अक्षरांना नाकें मुरडतात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. आपलें अक्षर एका मजल्यावर राहत नाहीं. समजा, पाटीच्या उंचींत सोळा दिवे आहेत. एक ओळ शिरोरेखेस गेली, चार वेलांट्या-मात्रांना, तीन उकारास. अक्षराच्या अंगाला उरले आठ. ‘अहमदनगर’ हें नांव ह्या बाबतींत मोठें सोशिक होतें. सात अक्षरें, आणि वर-खालीं कांहींही नाहीं. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव ‘अहिल्यानगर’ झालें आणि वेलांटी, काना व जोडाक्षर अशी सारी मंडळी दिव्यांच्या दारीं येऊन उभी राहिली. राहुरीला वर वेलांटी, खालीं उकार. श्रीगोंदा म्हणजे तर परीक्षाच; अनुस्वार एकाच दिव्यावर सोपविला असेल आणि तो विझला, तर गांवाचें नांवच बदललें!

आमच्या आत्याबाई मात्र ह्या अक्षरांच्या पक्षाच्या. वय ब्याऐंशी. डोळ्यांच्या विकारामुळें वर्तमानपत्रांतील बारीक टाइप त्यांना तीन वर्षांपासून दिसेनासा झाला आहे. त्यांनीं संगमनेरास धाकट्या बहिणीकडे एकट्यानें जाऊं नये, असें घरांत ठरून गेलें होतें. परवां स्थानकांत मी शेजारीं उभा असतांना गाडी आली, तोंच त्या म्हणाल्या, “अरे, ही आपली नव्हे. ही शेवगांवची.”

“आत्या, तुम्हांला दिसलें कसें?”

“त्यांत काय आहे? शाळेंत दोन वर्षें जाळीच्या कापडावर फुलीच्या टांक्यानें अशींच अक्षरें भरलीं मीं. ‘सुस्वागतम्’मधला ‘स’ किती घरांचा, तें अजून बोटांना ठाऊक आहे.”

जाळीच्या कापडावर बाक काढतां येत नाहीं. घरें मोजून त्याचा भास आणावा लागतो. १९८४ सालच्या मॅकिन्टॉश संगणकासाठीं चौकटी भरून अक्षरें व चित्रें काढणाऱ्या सुसान केअर ह्या बाईंनींही ह्या कामाचें नातें भरतकामाशीं जोडलें आहे. ज्या अक्षरांत आम्हांस केवळ ओबडधोबडपणा दिसतो, त्यांत आत्याबाईंना ओळखीचे टांके दिसतात. शिवाय तीं अक्षरें जाड असतात, आणि काळ्या पाटीवर उजळतात. मंद दृष्टीला आणखी काय हवें?

आमच्या तीर्थरूपांना हें अद्याप पुरतें पटलेलें नाहीं. परंतु येत्या एकादशीनंतर आत्याबाई संगमनेरास एकट्या जाणार आहेत. पोहोंचतांच फोन करावयाचा, एवढी एकच अट त्यांनीं मान्य केली आहे.