मधुमका आणि सुटी

अंकुशनगर हें साखर कारखान्याचें गांव. येथें गोडीचा हिशेब क्विंटलांत होतो. माझ्या परसांतील मधुमका त्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं. त्याच्या मीं शेजारीं शेजारीं चार आंखूड ओळी लावतों. एकच लांब ओळ लावली, तर तुऱ्यांतील पराग वाऱ्याबरोबर भलतीकडे जातो. आणि कणसाच्या ज्या केसाला पराग लाभत नाहीं, त्याचा दाणा भरत नाहीं.

साध्या मक्यांत दाण्यांतील साखरेचें झपाट्यानें पीठ होतें. मधुमक्यांत ही क्रिया उपजतच मंद असते, पण थांबलेली नसते. कणीस खुडलें, कीं उन्हाच्या दिवसांत कांहीं तासांतच गोडी उतरूं लागते. तोडलेल्या उंसालाहि हीच घाई. म्हणूनच गळिताच्या हंगामांत त्याच्या गाड्या रात्रींहि वाहतात.

पुण्यास असलेली माझी कन्या फोनवर म्हणते, “बाबा, कणसें पाठवा ना!” मीं सांगतों, “कणसें पोंचतील, बाळ. गोडी वाटेंतच राहील.”

पीक सुमारें ऐंशी दिवसांचें. यंदां तिच्या सुटीच्या तारखेपासून मागें मोजीत मीं पेरणीचा दिवस ठरविला आहे.